जिन्याखालचे बिऱ्हाड : वेल्समधील कामकरी कुत्र्यांच्या घरांविषयी

वेल्समधील जमीनदारांच्या मळ्यांवर कुत्र्यांसाठी बांधलेली दगडी घरे मराठी वाचकाने का पाहावीत, हा प्रश्न रास्त आहे. पण हा प्रदेश वाटतो तितका परका नाही. बाळाला वाचवणाऱ्या मुंगसाला मारून पस्तावलेली ब्राह्मणी आपल्याला पंचतंत्रातून ठाऊक आहे. उत्तर वेल्समधल्या बेडगेलर्ट गावात तीच गोष्ट राजपुत्र लुएलिन आणि त्याचा शिकारी कुत्रा गेलर्ट यांची म्हणून सांगतात, वर गेलर्टची समाधीही दाखवतात. (ती अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका खाणावळवाल्याने उभारली, असे जाणकार मानतात. धंद्याची जाण म्हणायची!)

गोष्टीबाहेरही इथे कुत्र्याला मोल होते. हवेल धा या राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मध्ययुगीन कायद्यांत, सकाळी गुरांपुढे चालणाऱ्या आणि संध्याकाळी त्यांच्यामागून घरी येणाऱ्या कुत्र्याची किंमत उत्तम बैलाइतकी धरली आहे. अशा मोलाच्या जनावराला राहायला मात्र मिळे ती जिन्याखालची पोकळी. धान्याला ओल लागू नये म्हणून कोठार वरच्या मजल्यावर असे आणि त्याला बाहेरून दगडी जिना. त्याच जिन्याच्या पोटात, लहानशा दारामागे, कुत्र्याचे बिऱ्हाड. वेगळा खर्च नाही, आणि कोठाराकडे जाणारा प्रत्येक जण त्याच्या नाकासमोरून जाणार.

शिकारी कुत्र्यांची गोष्ट निराळी. रुआबनजवळच्या विनस्टे येथील विल्यम्स-विन घराण्यासारखे बडे जमीनदार कुत्र्यांचे मोठे ताफे बाळगत. अशा ताफ्यांसाठी झोपायला उंच लाकडी फळ्या, पाणी निथळून जाईल अशी उतरती फरसबंदी, लोखंडी कठडे, आणि ओटची पेज व मेलेल्या गुरांचे मांस शिजवायला स्वतंत्र भटारखाना असे. ही बांधकामे देखणी आहेत, यात शंका नाही. पण त्यांतून दिसते ती मालकाची हौस. मळ्याचे रोजचे काम कळते ते जिन्याखाली. म्हणून वाचकांनी आधी भव्य वास्तूंकडे धावू नये. आराखडा हाती आला की कुत्र्याच्या दारातून काय दिसत असेल, एवढेच प्रथम शोधा. अंगण, फाटक की नुसती भिंत? त्यावरून त्याचे काम तुम्हाला बरेचसे ओळखता येईल.

या दोन जगांची गाठ बालाजवळच्या रिउलास इस्टेटीवर पडलेली दिसते. तिचे मालक रिचर्ड जॉन लॉइड प्राइस हे शिकारी कुत्र्यांचे मोठे शौकीन. त्यांनीच ९ ऑक्टोबर १८७३ रोजी मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा भरवली. ब्रिटनमधली नोंद असलेली ही पहिली. जिंकला तो ट्वीड, वेल्समध्ये स्थायिक झालेल्या एका स्कॉटिश माणसाचा कुत्रा. पुढच्या काळात स्पर्धांबरोबर बॉर्डर कॉली हा सीमेपलीकडचा कुत्रा वेल्सभर पसरला आणि तिथली जुनी मेंढवळी जात मागे पडत गेली. तेव्हा एखाद्या घराचे वर्णन वाचताना ते बांधले केव्हा, याबरोबरच तुम्ही ज्या काळाविषयी वाचता आहात त्या काळी त्यात कोण राहत होते, हेही पाहत चला. भिंती त्याच असतात, राहणारा बदललेला असतो.