प्रतिपिंडे अपुरी पडतात तेव्हा

रोगप्रतिकार म्हणजे प्रतिपिंडे, असे आपण वर्गात शिकवतो. कुष्ठरोगाचा इतिहास वेगळे सांगतो.

१९५८ मध्ये मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. बापट, डॉ. कमल रणदिवे व डॉ. खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जंतू वेगळा करून वाढवला. टी पेशी तेव्हा अज्ञात होत्या. थायमस ग्रंथीचे महत्त्व मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवले.

पुढे उलगडा झाला. उग्र कुष्ठरोगात प्रतिपिंडे भरपूर असतात. पण जंतू भक्षक पेशींच्या आत दडतात. तेथे त्यांना मारण्याची आज्ञा टी पेशींनी द्यावी लागते. तीच मिळत नाही.

मुंबईच्या त्या जंतूपासून केलेल्या लसीने अनेक रुग्णांत हा प्रतिसाद जागवला. दक्षिण भारतात १९९१ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले, बीसीजीने ३४.

तेव्हा प्रतिपिंडांबरोबर टी पेशींचीही गोष्ट आपण मुलांना सांगू या.