रिव्हेंज
सतराव्या शतकातील इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचे शिडाचे लढाऊ जहाज. खांदेरीच्या संग्रामामुळे (१६७९) ते मराठ्यांच्या इतिहासात प्रसिद्ध झाले. ऑगस्ट १६७९ मध्ये छ. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी याने मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. मुंबई बंदराच्या तोंडाशी उभे राहणारे हे ठाणे धोक्याचे वाटल्याने इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. त्यांच्या आरमारात रिव्हेंज हे मुख्य जहाज होते. विल्यम मिंचिन हा त्याचा कप्तान असून आरमाराचे नेतृत्व रिचर्ड केग्विन याच्याकडे होते. १८ ऑक्टोबर रोजी (जुनी इंग्रजी कालगणना) दौलतखानाच्या गलबतांनी अचानक हल्ला चढविला. डव्ह ही इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हाती पडली व इतर जहाजे पांगली. मात्र एकट्या रिव्हेंजने तोफांच्या माऱ्याने मराठ्यांना नागोठण्याच्या खाडीकडे मागे रेटले. तथापि हे यश निर्णायक ठरले नाही. वाऱ्यावर विसंबणाऱ्या अवजड जहाजांना वल्ह्यांनी चालणाऱ्या, उथळ पाण्यातून जाणाऱ्या मराठी होड्या अडविता येईनात. रात्रीच्या वेळी बेटावर रसद पोहोचतच राहिली. अखेर जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी माघार घेतली. मार्चमध्ये तह झाला व खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.