स्पे नदीकाठची फेक

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखात उगम पावून मोरे फर्थ या आखातात विलीन होणारी स्पे ही वेगवान नदी, जिच्या तीरांवर ठिकठिकाणी उंच दरडी आणि दाट वृक्षराजी थेट पाण्याला भिडलेली आहे, तिनेच 19व्या शतकाच्या मध्यास गळ फेकण्याच्या एका नव्या विद्येला जन्म दिला. सॅमन माशासाठी पिसांची कृत्रिम माशी फेकताना दोरी प्रथम पाठीमागे लांबवर न्यावी, हा जुना दस्तूर येथे निरुपयोगी ठरे. मागे गेलेला गळ झाडांत अडकून बसे. म्हणून लांबलचक काठी दोन्ही हातांनी पेलून दोरी पाण्यावरून उचलावी, तिचे टोक शेजारच्या पाण्यास क्षणमात्र टेकवावे आणि त्या पकडीच्या आधाराने, पाठीशी अल्प जागेत दोरीची कमान सिद्ध होताच, ती पैलतीराकडे सोडावी, ही रीत रूढ झाली. या रीतीच्या दोन मुख्य प्रकारांपैकी, वारा प्रवाहाविरुद्ध वाहत असेल तर एकेरी फेक, प्रवाहाबरोबर वाहत असेल तर दुहेरी. हा विवेक सुटला, तर वारा गळ फेकणाऱ्याच्याच अंगावर आणतो.

मासेमारीचे हक्क बड्या जमीनदारांकडे होते आणि धनिक पाहुणे ते मक्त्याने घेत. परंतु नदीचा प्रत्येक डोह जाणणारे आणि पाहुण्यांना हाती धरून शिकवणारे ते ‘गिली’ नावाचे स्थानिक सेवकच, आणि या विद्येच्या श्रेयाचा मोठा वाटा माझ्या मते त्यांचाच आहे. गयानातून येणाऱ्या ग्रीनहार्ट लाकडाच्या जड काठ्यांना इन्व्हर्नेसच्या अलेक्झांडर ग्रँट या व्हायोलिन घडवणाऱ्या कारागिराने शतकाच्या अखेरीस नवे रूप दिले. आज काठ्या कार्बन तंतूंच्या, हलक्या झाल्या आहेत. शिकू इच्छिणाऱ्याने मात्र काठी उचलण्यापूर्वी वाऱ्याची दिशा पाहावी.