न घडलेल्या घटनेचा वार्ताहर : जोनाथन शेल
(दीर्घ धागा)

८ जानेवारी १९६७. दक्षिण व्हिएतनाममध्ये सायगाव नदीच्या काठी बेन सुक नावाचे गाव होते. वस्ती सुमारे ३,५०० माणसांची. त्या सकाळी ६० हेलिकॉप्टरांतून ५०० अमेरिकी सैनिक तेथे उतरले. एका हेलिकॉप्टरमध्ये २३ वर्षांचा एक तरुण वही घेऊन बसला होता. त्याच्याकडे युद्धवार्तांकनाचा काडीचा अनुभव नव्हता. ओळखपत्र म्हणून हार्वर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचे नाव काय ते होते.

हा तरुण म्हणजे जोनाथन शेल. पुढे १५ वर्षांनी त्यांनी जे पुस्तक लिहिले, त्यात संपूर्ण मानवजातीच्या विनाशाची शक्यता एखाद्या बातमीसारखी तपासलेली आहे. 'अस्तित्वात्मक जोखीम' हा शब्दप्रयोग आज कृत्रिम बुद्धिमत्तेपासून महासाथींपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. त्यामागचा विचार सर्वसामान्य वाचकांच्या घरात पोहोचवणाऱ्यांत शेल यांचे स्थान फार वरचे आहे. मराठीत मात्र त्यांच्याविषयी क्वचितच काही लिहिले गेले, म्हणून हा धागा.

शेल यांचा जन्म १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. १९६५ मध्ये हार्वर्डची पदवी घेतल्यावर ते जपानी भाषा शिकण्यासाठी टोकियोला गेले. तेथून मायदेशी परतताना ते सायगावला थांबले. हा थांबा जवळजवळ योगायोगाचाच होता. बर्नार्ड फॉल आणि फ्रांस्वा स्युली हे दोन मुरलेले पत्रकार त्यांना तेथे भेटले आणि त्यांच्या मदतीने या नवख्या पोराची सैन्याच्या मोहिमेत वर्णी लागली.

मोहिमेचे नाव 'ऑपरेशन सीडर फॉल्स'. बेन सुक हे शत्रूचा अड्डा आहे, असे सैन्याचे म्हणणे. गावकऱ्यांना गोळा करून ट्रकांतून छावणीत हलवण्यात आले. नंतर घरे जाळली, बुलडोझर फिरवले आणि शेवटी, गाव उरले नसतानाही, त्यावर बॉम्ब टाकले. आपल्याच सैन्याने घरातून हुसकावलेल्या या लोकांच्या छावणीवर, कम्युनिझमपासून पळून आलेल्या निर्वासितांचे स्वागत असो, अशा आशयाचा फलक लावलेला होता. शेल यांनी तो फलक वहीत टिपला आणि त्यावर कोणतीही टिप्पणी केली नाही.

हीच त्यांची शैली. संताप नाही, विशेषणे नाहीत. कोण काय म्हणाले, कोणी काय केले, एवढेच. 'द न्यूयॉर्कर'चे संपादक विल्यम शॉन यांनी हा वृत्तांत १५ जुलै १९६७ च्या अंकात छापला आणि अंकाचा मोठा भाग त्याला दिला. याच शॉन यांच्या आग्रहामुळे ३१ ऑगस्ट १९४६ चा संपूर्ण अंक जॉन हर्सी यांच्या हिरोशिमावरील वृत्तांताला वाहिलेला होता. त्या वेळी ते व्यवस्थापकीय संपादक होते. हा दुवा लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

त्याच वर्षी शेल पुन्हा व्हिएतनामला गेले. क्वांग न्गाई प्रांतात ते छोट्या टेहळणी विमानांतून फिरले. वरून दिसणारी घरे आणि घरांच्या जागी उरलेली राख यांचा हिशेब त्यांनी मांडला. प्रांतातील सुमारे ७० टक्के घरे नष्ट झाल्याचा त्यांचा अंदाज होता. ही गोष्ट संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांच्या कानावर गेली. त्यांनी शेल यांना भेटीस बोलावले आणि हस्तलिखिताची प्रत मागून घेतली. ती सायगावमधील अमेरिकी दूतावासाकडे गेली. हेतू शेल यांना खोटे पाडण्याचा असावा, पण तपासणीत त्यांचे अंदाज बव्हंशी बरोबर निघाले. हा तपास अर्थातच गुप्त ठेवण्यात आला.

हे लेख मार्च १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच महिन्यात, त्याच क्वांग न्गाई प्रांतात माय लायचे हत्याकांड घडले. जगाला ते कळायला वर्ष-दीड वर्ष लागले.

त्यानंतरची काही वर्षे शेल 'द न्यूयॉर्कर'मध्येच होते. अंकाच्या आरंभी येणारी बिननावाची राजकीय स्फुटे बरीचशी त्यांची असत. १९७६ मध्ये निक्सन काळावरील 'द टाइम ऑफ इल्यूजन' आले. ते चांगले पुस्तक आहे, पण येथे त्यात शिरण्याचे कारण नाही.

आता मुख्य विषय.

१९७० च्या दशकाअखेरीस अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्याकडे मिळून सुमारे ५०,००० अण्वस्त्रे होती. ९ नोव्हेंबर १९७९ रोजी सरावासाठीची माहिती चुकून खऱ्या यंत्रणेत शिरली आणि सोव्हिएत हल्ला सुरू झाल्याचे चित्र अमेरिकी नियंत्रण कक्षांत उमटले. जून १९८० मध्ये एका स्वस्त इलेक्ट्रॉनिक चिपच्या बिघाडाने पुन्हा तसेच घडले. दोन्ही वेळा काही मिनिटांत चूक उमगली. धोका कल्पनेतला नव्हता, पण त्याविषयी लिहायचे कसे, हा प्रश्न होता.

पत्रकार घडून गेलेल्या घटनेच्या जागी जातो, वाचलेल्यांशी बोलतो, अवशेष पाहतो. हर्सी यांनी हिरोशिमात सहा वाचलेली माणसे निवडली. शेल बेन सुकमध्ये स्वतः उभे होते. पण सर्वंकष अणुयुद्धाचा वार्ताहर कोठे जाणार? ते घडलेले नाही आणि घडले तर मुलाखत द्यायला आणि छापलेले वाचायला कोण उरेल, याचीच शंका.

शेल यांनी यातून वाट काढली ती कागदपत्रांची. स्फोटांच्या परिणामांवरील सरकारी हस्तपुस्तिका, ओझोन थराच्या संभाव्य हानीवरील राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा १९७५ चा अहवाल, अमेरिकी काँग्रेसच्या तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालयाचा १९७९ चा अहवाल अशी साधने त्यांनी गोळा केली. यातले काहीही गोपनीय नव्हते. सर्व माहिती ग्रंथालयात पडून होती, तुकड्यातुकड्यांत. शेल यांनी ती सलग मांडली.

हे लिखाण 'द न्यूयॉर्कर'मध्ये फेब्रुवारी १९८२ मध्ये तीन अंकांतून आले. संपादक अर्थातच शॉन. हिरोशिमाच्या अंकाला ३५ वर्षे उलटून गेली होती. वसंत ऋतूत त्याचे पुस्तक झाले : 'द फेट ऑफ द अर्थ'.

पहिल्या भागाच्या शीर्षकाचा अर्थ 'कीटक आणि गवत यांचे प्रजासत्ताक'. किरणोत्सर्ग सोसण्याची क्षमता सस्तन प्राण्यांत कमी, कीटकांत आणि गवतात कितीतरी जास्त. त्यामुळे युद्धानंतरच्या अमेरिकेचे नागरिक कोण असतील, याचे उत्तर शीर्षकातच आहे. येथे शेल न्यूयॉर्कवर एका मेगाटनाचा बॉम्ब पडल्याचे वर्णन करतात. प्रथम प्रकाश, मग उष्णता, मग दाबलहर, मग राख. वाचक जेथे राहतात त्याच रस्त्यांची नावे. बेन सुकची पद्धतच त्यांनी स्वतःच्या शहराला लावली होती.

दुसरा भाग, 'दुसरा मृत्यू', हा पुस्तकाचा गाभा आहे. त्यातील युक्तिवाद थोडक्यात असा. माणूस मरतो, पण त्याच्या मागे भाषा, गाव, स्मृती आणि पुढची पिढी उरते, म्हणून त्या मरणालाही काही अर्थ राहतो. मानवजातच संपली तर मरणाऱ्यांबरोबर कधीच न जन्मलेली सर्व माणसेही नाहीशी होतात. ही हानी अब्जावधी मृत्यूंच्या बेरजेत मावत नाही, ती वेगळ्याच जातीची आहे. आपल्याकडे श्राद्धात मागच्या तीन पिढ्यांचे स्मरण करतात. शेल यांचा प्रश्न नेमका उलट्या दिशेचा होता : स्मरण करणारेच उरले नाहीत तर?

यावर आक्षेप येणारच होता : अणुयुद्धाने माणूस समूळ नष्ट होईल हे सिद्ध कोठे झाले आहे? शेल यांनी ते सिद्ध झाल्याचा दावा केलाच नाही. पृथ्वी एकच आहे, तिच्यावर प्रयोग करून पाहता येत नाही. त्यामुळे अनिश्चितता कायम राहणार, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. मात्र पणाला लावलेली वस्तू अमर्याद मोलाची असेल, तर शक्यता अल्प आहे या आधारावर जुगार खेळण्याचा अधिकार कोणत्याही पिढीला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुस्तकातील सर्वांत टिकाऊ भाग हाच ठरला.

पुस्तक गाजले, कारण हवाही तशीच होती. रँडल फोर्सबर्ग यांनी १९८० मध्ये मांडलेली अण्वस्त्रे गोठवण्याची मागणी गावोगावी पोहोचली होती. १२ जून १९८२ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे १० लाख लोक जमले. पुस्तकामुळे ते जमले असे म्हणणे चुकीचे ठरेल. चळवळ आधीची होती, पुस्तकाने तिला भाषा दिली.

टीकाही कडक झाली. मायकेल किन्स्ली यांनी 'हार्पर्स'मध्ये पुस्तकाची खिल्ली उडवली. तिसऱ्या भागावरचे आक्षेप तर रास्तच होते. सार्वभौम राष्ट्रव्यवस्था हेच मूळ दुखणे आहे आणि जगाला राजकारण नव्याने रचावे लागेल, असे शेल सांगतात. पण ते रचायचे कसे, ही जबाबदारी ते इतरांवर सोपवतात. दीडशेहून अधिक पाने वाचकाला कड्यावर उभे करायचे आणि पायवाट दाखवायची वेळ आली की निरोप घ्यायचा, हा दोष लपत नाही.

शेल यांनी तो मनावर घेतला असावा. १९८४ मधील 'द अबॉलिशन'मध्ये त्यांनी ठोस प्रस्ताव मांडला : अण्वस्त्रे बनवण्याचे ज्ञान पुसता येत नाही, तर तेच ज्ञान धाक म्हणून वापरावे. अस्त्रे मोडून टाकावीत, पण ती पुन्हा बनवण्याची क्षमता राखावी. फसवणूक करणाऱ्या देशाला इतर देशही काही आठवड्यांत तयार होतील याची भीती राहील. पुस्तक विचारात अधिक पक्के होते, खपात मात्र मागे पडले. प्रलयाचे वर्णन वाचणारे पुष्कळ, तपासणीच्या अटी वाचणारे थोडे.

याच १९८४ मध्ये ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांचे 'रीझन्स अँड पर्सन्स' आले. त्याच्या अखेरीस ते तीन स्थितींची तुलना करतात : शांतता, ९९ टक्के माणसे मारणारे अणुयुद्ध आणि १०० टक्के माणसे मारणारे अणुयुद्ध. मोठे अंतर पहिल्या-दुसऱ्यांत नसून दुसऱ्या-तिसऱ्यांत आहे, असा त्यांचा निष्कर्ष. 'इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम' या आजच्या चळवळीचे एक मूळ पार्फिट यांच्यात आहे. दुसरे मूळ पीटर सिंगर यांच्या १९७२ च्या निबंधात. तो निबंध १९७१ च्या पूर्व बंगालमधील निर्वासितांच्या हालअपेष्टांवरून सुरू होतो. या चळवळीतील टोबी ऑर्ड यांनी २०२० च्या 'द प्रेसिपिस' या ग्रंथात शेल यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे.

फरकही नोंदवला पाहिजे. ऑर्ड धोक्यांच्या संभाव्यतेचे आकडे देतात आणि त्यांची एकमेकांशी तुलना करतात. शेल आकड्यांवर विसंबले नाहीत. त्यांची भिस्त होती ती नागरिकांनी एकत्र येऊन कृती करण्यावर. हॅना आरेंट यांच्या विचारांची छाप त्यांच्यावर स्पष्ट दिसते.

१९८६ च्या सुमारास जगातील अण्वस्त्रांची संख्या ७०,००० च्या घरात पोहोचली आणि मग उतरू लागली. डिसेंबर १९८७ मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे मोडण्याचा करार केला. त्याच वर्षी शॉन यांना 'द न्यूयॉर्कर'मधून दूर करण्यात आले. शॉन यांच्या मनात एकेकाळी वारसदार म्हणून शेल होते, पण सहकाऱ्यांना ते रुचले नव्हते. शॉन गेले आणि शेल यांनीही साप्ताहिक सोडले.

शीतयुद्ध संपले आणि वाचकांनी हा विषय मिटवून टाकला. शेल यांनी मिटवला नाही. 'न्यूजडे'त स्तंभलेखन, पुढे 'द नेशन'साठी लेखन आणि विद्यापीठांत अध्यापन, असे ते करत राहिले. १९९८ मधील 'द गिफ्ट ऑफ टाइम'साठी त्यांनी अण्वस्त्रे प्रत्यक्ष हाताळलेल्या सेनानींशी आणि नेत्यांशी संवाद साधला. अमेरिकेच्या अणुदलाचे माजी प्रमुख जनरल ली बटलर त्यांत होते. मॅक्नमाराही होते, तेच मॅक्नमारा. तीस वर्षांनी दोघे एकाच बाजूला बसून बोलत होते.

त्याच वर्षी, ११ आणि १३ मे रोजी, पोखरणचे स्फोट झाले. महिना संपण्यापूर्वी पाकिस्तानने चगाईत उत्तर दिले. 'बुलेटिन ऑफ द अॅटॉमिक सायंटिस्ट्स'चे प्रलयघड्याळ मध्यरात्रीपूर्वीच्या १४ मिनिटांवरून ९ मिनिटांवर आले. शीतयुद्धानंतर हाती आलेला वेळ ही देणगी आहे, असे सांगणारे पुस्तक आणि हे स्फोट एकाच वर्षातले.

भारताशी त्यांचे आणखी एक नाते आहे. २००३ च्या 'द अनकॉन्करेबल वर्ल्ड'मध्ये सत्याग्रहाची दीर्घ चर्चा आहे. हिंसेचे साधन जितके अमर्याद होत गेले तितके ते राजकीयदृष्ट्या निरुपयोगी ठरले आणि खरी सत्ता लोकांच्या सहकार्यावर उभी असते, असे सूत्र ते गांधींपासून पोलंडच्या 'सॉलिडॅरिटी'पर्यंत नेतात. हे पुस्तक इराक युद्धाच्या वर्षी आले. 'द फेट ऑफ द अर्थ'च्या तिसऱ्या भागात जी पायवाट सापडली नव्हती तिचा शोध येथे दिसतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने शेल यांचे एकच पुस्तक वाचायचे ठरवले तर हे वाचावे.

२५ मार्च २०१४ रोजी ब्रुकलिनमधील घरी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय ७०. अखेरच्या काळात ते हवामानबदलावरील एका पुस्तकावर काम करत होते. ते अपुरेच राहिले.