हातगडावरून दिसणारा सापुतारा

हातगडाच्या माथ्यावर गुजरातच्या बाजूला तोंड करून उभं राहिलं की समोर सापुतारा दिसतो. हॉटेलांच्या इमारती दिसतात, संध्याकाळ झाली की दिवे लागतात. अंतर म्हणाल तर रस्त्याने जेमतेम पाच-सहा किलोमीटर. मधे राज्याची सीमा. डोंगर तोच, पाऊस तोच, दोन्हीकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची बोलीही बरीचशी तीच. पण एकीकडे बोटिंग, रोप-वे, सनसेट पॉइंट, आणि दुसरीकडे सुरगाणा तालुका, ज्याचं नाव पेपरात बहुतेक वेळा टँकरच्या नाहीतर मोर्चाच्या बातमीत येतं. एकाच डोंगराच्या वाट्याला अशा दोन गोष्टी का याव्यात, हा प्रश्न मला हातगडावर पहिल्यांदा गेलो तेव्हापासून पडलेला आहे. त्याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं.

सुरगाणा हे एकेकाळी संस्थान होतं. जव्हारचं नाव निदान ऐकलेलं असतं, सुरगाण्याचं तेवढंही नाही. सुमारे ३६० चौरस मैलांचा डोंगराळ मुलूख, बहुतेक सगळं रान, आणि कारभार देशमुखांचा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी या देशमुखांचं स्वतंत्र अस्तित्व मान्य केलं. पण पुढच्याच वर्षी देशमुखांनी इंग्रजांच्या एका तुकडीवर हल्ला केला. मग फौज आली, देशमुखांना पकडून फाशी दिलं गेलं आणि त्यांच्या चुलतभावाला गादीवर मान्यता मिळाली. सह्याद्रीच्या या कोपऱ्याची आणि साहेबाची ओळख झाली ती अशी.

आणि आता दुसरी तारीख बघा. १८२८. मुंबईचा गव्हर्नर माल्कम महाबळेश्वरला आजारी गोऱ्या सैनिकांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी थंड हवेचं ठिकाण वसवायला घेतो. सुरगाण्याच्या फाशीला तेव्हा दहा वर्षंही झालेली नव्हती. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरान चढून जातो आणि तिथेही बंगले उभे राहतात. डोंगरावर जाऊन राहणं, पायी रपेट करणं, एखाद्या कड्यावर उभं राहून त्याला 'पॉइंट' म्हणणं, हे सगळं आपल्याकडे आलं ते या दोन गावांतून. (एको पॉइंट, सनसेट पॉइंट... आपले लोक हजार वर्षं सूर्यास्त बघत होते, पण त्याला पॉइंट लागतो हे साहेबाने शिकवलं!)

तशी हौस आपल्याकडे नव्हतीच असं मात्र नाही. नाशिकजवळच्या अंजनेरीवर राघोबादादांच्या उन्हाळी वाड्याचे अवशेष गेल्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दाखवले जात, आणि त्याचं नाव होतं 'हवाखाना'. हत्ती तलावही तिथलाच. पुण्याच्या दरबाराने दूर ठेवलेला माणूस आनंदवलीला राहायचा आणि उन्हाळ्यात अंजनेरीवर हवा खायला जायचा. हवा खाणे हा आपला वाक्प्रचार किती जुना असेल कोण जाणे, पण त्यासाठी बांधलेल्या घराला हे नाव देणारा माणूस मला आवडतो. बाकी राघोबादादांबद्दल आवडण्यासारखं फार काही सापडत नाही, ते असो.

मग सुरगाण्याचं महाबळेश्वर का झालं नाही? उंची आहे. पाऊस नाशिक शहराच्या दुपटीहून जास्त. हिवाळ्यात पहाटे हात गारठतात. नार, पार यांच्यासारख्या नद्या इथून पश्चिमेकडे उतरतात, म्हणजे धबधबे आले, दऱ्या आल्या. कमी होती ती एकाच गोष्टीची, आणि गंमत म्हणजे ती गोष्ट हवाच. डांग आणि सुरगाणा हा पट्टा हिवतापासाठी इतका बदनाम होता की बाहेरचा माणूस तिथे जायचा तो उन्हाळ्याच्या महिन्यांत, तोही काम उरकून लगेच परतण्याच्या बेताने. मलेरिया या इटालियन शब्दाचा मूळ अर्थच 'खराब हवा'. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉसने डास पकडून दाखवेपर्यंत शिकलेसवरलेले लोकही हा ताप हवेतून येतो असंच मानत. ज्या हवेने माणूस मरतो ती हवा खायला कोण येणार?

साहेब आला, पण सागासाठी. १८४२ मध्ये इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगल पट्ट्याने घेतलं. तिथला साग मुंबईच्या गोदीत जहाजांना लागत होता. राजांना त्याबद्दल दरसाल रक्कम ठरली, आणि ती द्यायला भरवलेला 'डांग दरबार' आहव्याला होळीच्या सुमारास आजही भरतो. पुढे जंगलं राखीव झाली आणि रानात राहणारा माणूस रानाचाच गुन्हेगार ठरू लागला. फाटी तोडली, गुन्हा. राब केला, गुन्हा. शिकार तर बोलायलाच नको. आपण ज्याला आज 'निसर्गात रमणं' म्हणतो त्यातल्या जवळजवळ प्रत्येक कृतीवर इथे शंभर-सव्वाशे वर्षं बंदी, दंड किंवा हप्ता होता.

मग इथले लोक, म्हणजे कोकणा, वारली, महादेव कोळी, मौज करतच नव्हते का? करत होते आणि करतात. फक्त त्याला सुट्टी म्हणत नाहीत, देव म्हणतात. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो. गावातले पुरुष कडक नेम धरून 'माऊली' होतात, गावोगाव फिरतात, पावरी वाजत असते, रिंगण धरून नाच चालतो. शेवटी सगळे आपापल्या गडावर जातात आणि कडाक्याच्या थंडीत रात्र डोंगरावर काढतात. आता सांगा, याला काय म्हणायचं? रात्रीची चढाई आहे, उघड्यावर मुक्काम आहे, शेकोटी आहे, गाणी आहेत. आमच्यासारखे लोक याच गोष्टीसाठी आठवडाभर आधी फोनाफोनी करतात, चारशे रुपयांची टॉर्च घेतात आणि परत आल्यावर फोटो दाखवतात. उन्हाळ्यात भवाडा, म्हणजे तुम्ही-आम्ही ज्याला बोहाडा म्हणतो तो. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे घालून रात्रभर देव आणि राक्षस मशालींच्या उजेडात नाचतात. सगळं उघड्या माळावर. इंग्रजांच्या क्लबात जे चालायचं त्यापेक्षा हे कितीतरी जिवंत असणार असं माझं मत आहे, पण त्याची नोंद 'करमणूक' म्हणून कुणी केली नाही. ती जमातींच्या चालीरीतींच्या प्रकरणात गेली.

स्वातंत्र्य आलं. १९४८ मध्ये सुरगाणा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि नाशिक जिल्ह्याचा भाग बनलं. १९५३ मध्ये देशात मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, डीडीटीची फवारणी झाली. ज्या डोंगरांवर बाहेरचा माणूस वस्तीला राहायला घाबरत होता, ते डोंगर काही वर्षांत राहण्याजोगे झाले. मला वाटतं सापुताऱ्याचा खरा जन्म तिथे आहे, फवारणीच्या पंपात. इतिहासाच्या पुस्तकांत ही असली कारणं क्वचित येतात.

आणि मग १ मे १९६०. मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले. डांग कुणाचा यावर त्याआधी बरीच वर्षं भांडण चाललं होतं. डांगी बोली मराठीच्या जवळची की गुजरातीच्या, यावर मोठमोठ्या माणसांनी मतं दिली. शेवटी डांग गुजरातला गेला, सुरगाणा महाराष्ट्रात राहिला. या वाटणीचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. महाराष्ट्राकडे महाबळेश्वर होतं, पाचगणी होतं, माथेरान, लोणावळा, खंडाळा होतं. त्याला आणखी एका थंड डोंगराची गरज नव्हती. गुजरातकडे एकच होता. सुरत-बडोद्याच्या माणसाने उन्हाळ्यात जायचं कुठे? म्हणून सरकारने डांगच्या टोकाचं ते पठार निवडलं, तळं सजवलं, रस्ते केले, बागा केल्या. तिथे जे आदिवासी राहत होते त्यांना जवळच नवागाम म्हणून वस्ती करून हलवण्यात आलं. म्हणजे डोंगर पर्यटनाला मिळाला आणि डोंगरावरचे लोक एक पायरी खाली आले. आज सापुताऱ्याला टपऱ्यांवर मका भाजणाऱ्या बाईला विचारून बघा, तिचे आजे-पणजे कुठे राहायचे ते.

सीमेची आणखी एक गंमत. गुजरातेत पहिल्या दिवसापासून दारूबंदी. त्यामुळे सापुताऱ्याची हवा खायला आलेल्यांपैकी काहींना संध्याकाळी दुसरंही काही लागतं, आणि ते सीमेच्या अलीकडे मिळतं. हातगडच्या बाजूला हॉटेलं आणि रिसॉर्ट वाढली त्यात थंड हवेचा वाटा किती आणि या सोयीचा किती, हे ज्याने त्याने ठरवावं. जाहिरातीत मात्र ती 'सापुताऱ्याजवळ' असतात. महाराष्ट्रातल्या जमिनीवर उभं राहून गुजरातचं नाव लावायचं!

आणि हातगड तर सापुताऱ्याहून उंच. सुमारे साडेतीन हजार फूट. कातळात कोरलेला वाटेवरचा दरवाजा, पाण्याची टाकी, वर मोठं तळं. गडावर शिलालेख आहे, शके १४६९ म्हणजे इ.स. १५४७ चा. बागलाणच्या बागुल घराण्यातल्या भैरवसेन राजाने बुऱ्हाण निजामशहाकडून हा दुर्ग घेतल्याचं त्यात सांगितलंय. गुजरात आणि दख्खन यांच्या मधल्या वाटेवर नजर ठेवायला ही जागा किती मोक्याची होती ते वर गेल्यावर कुणी सांगावं लागत नाही. आता बऱ्याच उंचीपर्यंत रस्ता गेलाय, त्यामुळे पोरंबाळं घेऊनही जाता येतं. नाशिकहून दिंडोरी, वणी, बोरगाव या रस्त्याने निघालं तर एका दिवसात आरामात होतं. तरीही बोरगावहून हातगडकडे जाणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेक गडाच्या पायथ्यावरून न थांबता सापुताऱ्याला जातात. आपल्याला किल्ल्यांचं प्रेम फार, असं आपण म्हणतो खरं.

चालण्याबद्दल लिहितोय तर २०१८ चं लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ६ मार्चला नाशिकहून शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला आणि १२ मार्चला पहाटे मुंबईत आझाद मैदानावर पोचला. सुमारे १८० किलोमीटर, भर उन्हात. त्यात सुरगाण्याचे लोक मोठ्या संख्येने होते. तालुक्याचे अनेक वर्षांचे आमदार जे. पी. गावित पुढाऱ्यांत होते. मुख्य मागण्यांपैकी एक वनजमिनीची. कसतोय ती जमीन नावावर करा, २००६ चा वनहक्क कायदा कागदावर आहे तो जमिनीवर आणा. पेपरांनी त्यांच्या पायांचे फोटो छापले. सोललेले, फोड आलेले तळपाय, काहींच्या पायांत चपलाही नाहीत. शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून काढला, कारण सकाळी मुंबईत दहावीच्या पोरांची परीक्षा होती.

तो फोटो बघताना माझ्या मनात आलं की आम्ही ट्रेकवाले वीस किलोमीटर चाललो तर सोमवारी ऑफिसात लंगडत जातो आणि चारचौघांना कारण विचारायला लावतो. आम्हाला चालणं ही सुट्टीची चैन आहे. सुरगाण्याच्या माणसाला बाजाराला चालायचं, पाण्याला चालायचं, दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जायचं, आणि जमिनीचा कागद मागायलाही चालतच जायचं. शेजारच्या डोंगराळ पट्ट्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक घेऊन आली, तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं. या डोंगरांत राहणाऱ्यांना ते कितपत वाटलं असेल, शंका आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातेत घाला अशी मागणी केली. रस्ता नाही, दवाखाना नाही, उन्हाळ्यात पाणी नाही, आणि पलीकडे सगळं दिसतंय. मोठी खळबळ उडाली, बैठका झाल्या, आश्वासनं मिळाली. १९६० मध्ये ज्या डोंगरासाठी दोन राज्यं भांडली, त्याच्याच कुशीतल्या गावांनी बासष्ट वर्षांनी हा प्रश्न उलट्या बाजूने विचारला.

गेल्या काही वर्षांत चित्र थोडं हलतंय. केळावणजवळचा भिवतास धबधबा पावसाळ्यात गर्दीने भरू लागलाय. भिंतघर गावाने सगळी घरं गुलाबी रंगवली आणि ते 'गुलाबी गाव' म्हणून बघायला लोक येतात. हातगड-बोरगावच्या बाजूला शेतकरी स्ट्रॉबेरी घेतात, आणि हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला बाया टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. स्ट्रॉबेरी म्हणजे महाबळेश्वरचं फळ, ते दोनशे वर्षांनी सुरगाण्यात पोचलं असं म्हणा हवं तर. फरक एवढाच की इथे ते पिकवणारा आणि विकणारा त्याच डोंगरातला आहे, निदान अजून तरी.

जाणार असाल तर मार्गशीर्षात जा. स्ट्रॉबेरी सुरू झालेली असते आणि थंडी पडलेली असते. टोपलीवाल्या बाईशी घासाघीस करू नका. रात्री मुक्कामाला राहिलात आणि लांब कुठल्यातरी डोंगरावरून पावरी ऐकू आली तर गाडीचे दिवे बंद करा आणि ऐका. कॅमेरा घेऊन वर जाऊ नका. माऊल्या नेमात असतात, त्यांना परक्याचा स्पर्श चालत नाही.