आयनी द्रवांतील धातुकण : ‘निर्मळ’ या विशेषणाचा इतिहास

पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर औद्योगिक क्षेत्रात रंगद्रव्ये, औषधे व त्यांना लागणारी मधल्या टप्प्यांवरील रसायने तयार करणारे कारखाने दाटीने वसलेले आहेत. तेथील सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनिशी देशात पहिले आले. असा पहिला क्रमांक कोणास भूषणावह वाटणार नाही. जेथे द्रावकांच्या विनियोगाचा प्रश्न इतका निकडीचा आहे, तेथे ‘निर्मळ द्रावक’ म्हणून गाजलेल्या आयनी द्रवांचा इतिहास तपासून पाहणे अगत्याचे ठरते. या द्रवांची कीर्ती ज्या कार्यांमुळे वाढली, त्यांत धातूंच्या नॅनोकणांची निर्मिती हे एक प्रमुख होय.

धातूचे अतिसूक्ष्म कण तयार करणे तितकेसे कठीण नाही. ते सुटे राखणे कठीण. मायकेल फॅराडे याने सुवर्णाच्या लवणाचे फॉस्फरसाने क्षपण करून माणकासारखा लाल द्रव मिळविला व त्याचे विवेचन १८५७ मध्ये प्रसिद्ध केले. त्या द्रवात थोडे मीठ पडताच त्याचा रंग निळा होतो, हेही त्याने नोंदविले. पुढे याचा उलगडा झाला : कणांवरील विद्युत्‌भारामुळे त्यांच्यात जे प्रतिसारण असते ते लवणातील आयनांनी झाकले जाते आणि कण एकमेकांस चिकटतात. लवण हा कलिलाचा वैरी, हे सूत्र तेव्हापासून विद्यार्थ्यांस शिकविले जात आहे. मग निव्वळ लवणाच्याच द्रवात धातुकण सुटे कसे राहावेत? या इतिहासाचे खरे मर्म या विरोधाभासात आहे.

कमी तापमानास द्रवरूप असणारी लवणे विसाव्या शतकाच्या आरंभीच ज्ञात होती. कलकत्त्यास प्रफुल्लचंद्र राय व रक्षित यांनी १९११ मध्ये अल्किल अमोनियम नायट्राइटांचे वर्णन प्रसिद्ध केले. पॉल वाल्डेन याने १९१४ मध्ये सुमारे १२° से. द्रवणांक असलेले एथिल अमोनियम नायट्रेट वर्णिले. त्याचे लक्ष विद्युत्‌संवाहकतेकडे होते, द्रावकाकडे नव्हे. हर्ली व वायर यांनी १९५१ मध्ये अशा लवणांतून ॲल्युमिनियमाचा मुलामा चढविला. परंतु ती लवणे हवेतील आर्द्रतेने बिघडत. विल्क्स व झावोरोत्को यांनी १९९२ मध्ये हवेत व पाण्यात टिकणारी इमिडाझोलियम लवणे सिद्ध केली, तेव्हाच हा विषय सामान्य प्रयोगशाळांच्या आटोक्यात आला.

दहा वर्षांनी, २००२ मध्ये, ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे येथे दुपाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका हेक्झाफ्ल्युओरोफॉस्फेट लवणात इरिडियमाच्या संयुगाचे हायड्रोजनाने क्षपण करून सुमारे २ नॅनोमीटर व्यासाचे कण मिळविले. हे कण हायड्रोजननाचे उत्प्रेरक म्हणून पुनःपुन्हा वापरता आले. जपानमध्ये तोरिमोतो प्रभृतींनी २००६ मध्ये निर्वात पात्रात सोन्याचे अणू थेट आयनी द्रवावर वर्षविले. येथे रासायनिक क्षपणकाचीही गरज उरली नाही. सामान्य द्रावक निर्वातात क्षणात उडून गेला असता. बाष्पदाब जवळजवळ शून्य असणे या गुणावर प्रयोगाचे यश उभे होते, आणि ‘निर्मळ’ हे विशेषण जडले तेही मुख्यतः याच गुणामुळे.

या विशेषणास तडे मात्र लवकरच गेले. रॉजर्स व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखविले की, हेक्झाफ्ल्युओरोफॉस्फेट लवणाचे जलविच्छेदन होऊन हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल निर्माण होऊ शकते. फिंके यांच्या गटाने २००५ मध्ये ड्यूटेरियमाचा माग काढून असे दाखविले की, इमिडाझोलियम धनायन इरिडियमाच्या कणांशी प्रक्रिया पावतो व तेथे कार्बीन निर्माण होतात. म्हणजे द्रावक केवळ साक्षी नव्हता, व कणांच्या स्थैर्याचे श्रेय केवळ विद्युत्‌भारास देणे अपुरे होते. वर उल्लेखिलेल्या विरोधाभासाचे थोडेफार निरसन येथे होते. आयनी द्रव मुळीच उडत नाहीत, हा समजही २००६ मध्ये ढळला; त्यांतील काहींचे निर्वातात, उच्च तापमानास ऊर्ध्वपातन करता येते असे अर्ल व सहकाऱ्यांनी सिद्ध केले.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, जे हवेत जात नाही ते पाण्यात जाऊ शकते. इमिडाझोलियमावरील अल्किल शृंखला लांबवीत गेल्यास जलचर सूक्ष्मजीवांवरील विषाक्तता वाढते, असे ब्रेमेन येथील अभ्यासकांना आढळले. आखूड शृंखलांची लवणे तुलनेने सौम्य खरी, पण त्यांतील अनेकांचे जैविक विघटन सहजी होत नाही. तारापूरचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून नवापूरच्या समुद्राकडे जाते. अशा केंद्रांत सेंद्रिय घाण नष्ट करण्याचे काम जीवाणूंवर सोपविलेले असते. जीवाणूंना न पचणारा द्रावक, त्याची वाफ कितीही नगण्य असो, मांगेल्यांच्या तक्रारीत भरच घालील.

लेस्टर येथील ॲबट यांनी २००३ मध्ये कोलीन क्लोराइड व युरिया यांचे एकास दोन या प्रमाणातील मिश्रण पुढे आणले. त्याचाही द्रवणांक १२° से. आहे, वाल्डेनच्या लवणाशी जुळणारा हा आकडा योगायोगाचाच. दोन्ही घटक स्वस्त व जीवाणूंना पचणारे असून, २००८ पर्यंत या मिश्रणात ताऱ्याच्या आकाराचे सुवर्णकणही तयार झाले. तथापि कण वेगळे करण्यासाठी हे मिश्रण पाण्याने विरल करून धुवावे लागते, आणि त्या धुवणाची वाट पुन्हा सांडपाण्याच्या नळातूनच जाते.