आधीच वाजलेली तुतारी

२५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची दग्याने हत्या झाली. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड हे या घराण्याचे गाव. आज आपण त्यास सिंदखेडराजा म्हणतो. या हत्येचे राजकीय परिणाम इतिहासकारांनी पुष्कळ चर्चिले आहेत. निजामशाहीवरचा शहाजीराजांचा विश्वास उडाला, ते काही काळ मोगलांकडे गेले, दक्षिणेतील डाव पुन्हा नव्याने मांडला गेला. मात्र ज्या स्त्रीचे वडील, दोन भाऊ आणि भाचा एका दिवसात गेले, तिच्या तोंडचा त्या दिवसाचा एकही शब्द कागदावर उतरलेला नाही. इतिहासलेखक अशा जागी थांबतो. दूरचित्रवाणी मालिकेला थांबता येत नाही. तिला ती जागा भरावी लागते, आणि शब्दांनी भरण्याआधी ती संगीताने भरली जाते.

हे भरणे कसे होते, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. मालिकांची चर्चा होते ती पोशाखांवर, संवादांवर, इतिहासाशी केलेल्या प्रतारणेवर. अमुक प्रसंग घडला की नाही, यावर वर्तमानपत्रांतून पत्रे लिहिली जातात. पण घडलेल्या प्रसंगाखाली काय वाजत होते, हे कोणी विचारत नाही. आमच्या मते खरा अर्थ तेथेच ठरतो.

जिजाऊंचा तो दिवस घ्यावा. त्यांच्या मनात काय असेल याची थोडी तरी कल्पना आपल्याला मागील घटनांवरून येते. खंडागळ्यांचा हत्ती पिसाळल्याचे निमित्त होऊन जाधव आणि भोसले भर रस्त्यात एकमेकांवर तुटून पडले होते. त्यात जिजाऊंचे बंधू दत्ताजी पडले आणि सासरकडचे संभाजी भोसलेही. परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग आहे. म्हणजे ज्यांच्या मृत्यूची वार्ता आली ते वडील होते, आणि सासरच्या रक्ताशी ज्यांचे वैर झाले तेही तेच होते. अशा बातमीने मुलीच्या मनात शोक उठेल, जुना राग उठेल, माहेर तुटल्याचे दुःख आणि पती कोणत्या बाजूस जाणार ही धास्ती उठेल. यातील काय आधी आणि काय नंतर, हे तिलाही सांगता आले नसते.

आता हाच प्रसंग पडद्यावर आणण्याची रूढ रीत पाहा. दूत येतो. क्षणभर सगळे आवाज बंद होतात. मग सारंगी किंवा बासरी, त्यामागून स्त्रीकंठातील शब्दावाचूनचा आलाप. चेहरा जवळून दिसतो, डोळ्यांत पाणी तरळते. आणि मग खालून हळूहळू नगारा चढू लागतो, व्हायोलिनांचा समूह वर जातो, शेवटी तुतारी. प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. तो यावा म्हणूनच ही सारी योजना असते. पण ती तुतारी कोणासाठी वाजली? शिवराय अजून जन्मलेले नाहीत. १९ फेब्रुवारी १६३० हीच जन्मतारीख धरली तर त्यांच्या जन्माला अजून जवळजवळ सात महिने आहेत. (१६२७ ची जुनी तिथी धरणाऱ्यांच्या हिशेबी मूल तेव्हा दोन वर्षांचे होते, नगारा तरीही तोच वाजला असता.) त्या घटकेला जिजाऊंना स्वराज्य ठाऊक नाही, रायगड ठाऊक नाही. पार्श्वसंगीताला मात्र सारे ठाऊक असते. ते एका लेकीचा शोक तिच्या हातून काढून घेते आणि जवळजवळ पंचेचाळीस वर्षांनी व्हावयाच्या राज्याभिषेकाच्या खाती जमा करते.

कोणी म्हणेल, शाहिरानेही हेच केले. अज्ञानदासाने गायिलेला अफझलखानवधाचा पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांतला सर्वांत जुना मानला जातो, आणि त्याला काही तटस्थ म्हणता येणार नाही. हे मान्य. पण शाहीर समोर उभा असतो. डफ त्याच्या हातात दिसतो, तुणतुणेवाला बाजूला दिसतो, झीलकरी जी जी करतात तेही दिसतात. पोवाड्याच्या अखेरीस तो आपले नाव घालतो. सांगणारा मी, पक्ष माझा, असा तो उघडा व्यवहार असतो. संगीत नाटकातही ऑर्गन आणि तबला रंगमंचापुढे सर्वांच्या देखत मांडलेला असे. १८८० च्या ‘शाकुंतला’पासून मराठी प्रेक्षकाला पद कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे नेमके कळत आले आहे. मूकपटाच्या काळी पडद्याशेजारी पेटी-तबलावाले बसत, तेही दिसत. बोलपट आला आणि वाजवणारा अदृश्य झाला. आता सूर पात्राच्या मनातून आला की प्रेक्षकाच्याच मनातून, हे सांगता येईनासे झाले.

या अदृश्य सोबतीचा धोका मराठी माणसाने फार लवकर ओळखला होता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. १९३७ साली प्रभातच्या ‘कुंकू’त व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत कटाक्षाने टाळले. चित्रपटात गाणी आहेत, संगीतकार केशवराव भोळ्यांसारखा जाणता आहे. पण प्रसंगाखाली वाद्यमेळ नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज आहेत, भिंतीवरचे घड्याळ आहे. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधली गेलेली नीरा त्या घरात वावरते तेव्हा तिची कीव करावी की तिच्या हट्टाचे कौतुक, हे कोणतेही वाद्य आपल्याला सांगत नाही. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरचा हा कौटुंबिक चित्रपट म्हणजे आजच्या घरगुती मालिकांची आजीच म्हणावयाची. नातींनी आजीचे काही घेतले नाही, हे खरे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. १९८७ मध्ये ‘रामायण’ आले आणि रवींद्र जैन यांच्या संगीताने कथेचा भाव गाऊन सांगण्याची कीर्तनी रीत घराघरांत पोचवली. पण तेथेही गाणारा निदान शब्दांतून प्रकट होत होता. पुढच्याच वर्षी श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’ला वनराज भाटियांनी नासदीय सूक्ताचे सूर दिले. सृष्टीच्या आरंभाविषयी प्रश्न विचारणारे सूक्त इतिहासाच्या मालिकेला लावणे, ही निवडच किती बोलकी आहे! पुढे खासगी वाहिन्या आल्या. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर ‘आभाळमाया’ आली. अशोक पत्कींनी बांधलेले आणि देवकी पंडितांनी गायिलेले तिचे शीर्षकगीत मालिकेहून अधिक टिकले.

खरा फरक पडला तो मालिका रोजच्या झाल्यावर. आठवड्याला एक भाग असता संगीतकार प्रसंग पाहून सूर बसवू शकतो. रोज बाविसेक मिनिटे प्रक्षेपित करावयाची असली की ते शक्य नसते. मग आरंभीच दुःखाचा, संशयाचा, विनोदाचा, विजयाचा असे तुकडे करून ठेवले जातात आणि संकलक रात्री बसून ते प्रसंगांखाली लावतो. यात कोणाचा आळस नाही. काम तेवढे आणि वेळ एवढाच. पण परिणाम असा की प्रत्येक तुकड्यावर एकाच भावाची चिठ्ठी चिकटलेली असते. शोक, राग, धास्ती एकत्र असलेला तुकडा त्या संचात नसतोच.

२००८ मध्ये स्टार प्रवाहवर ‘राजा शिवछत्रपती’ सुरू झाली. अजय-अतुल यांनी कवी भूषणाच्या ब्रज छंदाला दिलेली चाल महाराष्ट्रभर दुमदुमली. चाल उत्तम आहे, याविषयी आमचे दुमत नाही. भूषणाचा छंद मात्र सिद्ध झालेल्या राजाची स्तुती आहे. शीर्षकगीताचे काम प्रेक्षकाला ‘आता कोण येणार’ हे सांगण्याचे, तेथे ती शोभते. अडचण येते ती अशी चाल कथेच्या आरंभाशी नेल्यावर. २०१९ मध्ये सोनी मराठीवर ‘स्वराज्यजननी जिजामाता’ आली, तेव्हा तर नायिकाच जिजाऊ होत्या. परंतु नावातच ‘जननी’ आल्यावर सिंदखेडची मुलगी स्वतःसाठी किती उरणार?

रंगपंचमीची कथा सर्वांना ठाऊक आहे. लखुजींच्या घरी रंग खेळताना लहानगे शहाजी आणि जिजाऊ एकमेकांवर रंग उडवू लागले; जोडा शोभतो, असे लखुजी थट्टेने म्हणाले आणि मालोजींनी उठून सोयरीक झाल्याचे जाहीर केले. ही कथा उत्तरकालीन बखरींची आहे. सिंदखेडराजात मात्र रंगमहाल दाखवून ती आजही सांगितली जाते. तिचे सगळे मर्म एका गोष्टीत आहे: लखुजी थट्टा करीत होते. पुढे घरातून विरोध झाला, ते नाही म्हणाले, म्हणूनच तर कथा घडली. त्या वाक्याखाली ढोलकीची हलकी थाप असली तर थट्टा थट्टा राहते आणि मालोजींची चतुराई, थोडासा आगाऊपणाही, दिसतो. त्याच वाक्याखाली शंखनाद आला की थट्टेची भविष्यवाणी होते, मालोजी निमित्तमात्र होतात आणि लखुजींचा नकार दैवाला केलेला अडथळा ठरतो. संवादाचे एक अक्षरही बदललेले नसते. संहिता तपासावयास बसलेल्या इतिहासज्ञाला त्यात आक्षेपार्ह काही सापडणार नाही, कारण संहितेत सूर लिहिलेला नसतो.

मालिका मुक्या कराव्यात असे आमचे म्हणणे नाही. दिवसभराचे काम उरकून टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला रस हवा असतो आणि रसाला सूर लागतो. एकट्या तंबोऱ्यावरही प्रसंग उभा राहतो, कारण तंबोरा षड्ज धरून ठेवतो पण राग कोणता ते सांगत नाही. तसे कधी कोणी करून पाहावे. असो.

याच सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा नावाचे गाव आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये तेथे निजाम-उल-मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया घातला गेला. दख्खनचा सव्वादोनशे वर्षांचा इतिहास त्या एका लढाईने ठरला. जिजाऊंच्या माहेरापासून हे रणांगण फार दूर नाही. त्यावर मराठीत मालिका झालेली आमच्या पाहण्यात नाही. झालीच, तर मुबारिजखान पडतो त्या क्षणाखाली संकलक कोणता तुकडा लावील?